भिंगावरचा अंगठा

योगराजच्या लग्नपत्रिकेचा नमुना हातात पडला आणि सुंदराचं टाळकंच सरकलं. वर 'आशीर्वाद' म्हणून तिचे सासू-सासरे, आजेसासरे, सगळे ओळीनं फोटोत हजर. तिच्या बापाच्या जागी नुसतं नाव.

"आजोबांचा फोटोच नाही ना, आई," योगराज म्हणाला.

"नाही कसा? काढूच दिला नाही!" सुंदरा कडाडली. पायात चपला सरकवून तिनं नवागामहून रिक्षा केली, ती थेट कोसाडला, दगाआबांच्या घरी. आज सोडायचं नाही, सगळ्या जातीत सांगायचं.

रिक्षाभर तिला आपलं लग्नच दिसत होतं. फोटो काढायला चुलतसासरे दगाआबा होते. सुरतेत प्लॅस्टिकचे साधे कॅमेरे बनायचे त्या कारखान्यात ते भिंगं बसवायचे, आणि तिथलाच एक काळा कॅमेरा गळ्यात अडकवून मिरवत होते. एका रोलवर बारा फोटो; एक काढल्यावर हातानं चकती फिरवली नाही, तर पुढचाही त्याच जागी उमटायचा. पाठवणीच्या वेळी तिनं हट्टानं बापाला समोर उभं केलं. बाप लाजला, आबांशी काहीतरी कुजबुजला, मग ताठ उभा राहिला. खटका वाजला तेव्हा आबांचा अंगठा भिंगावर होता. तिनं डोळ्यांनी पाहिला. ती बोलणार तोच आबांनी चकती न फिरवताच कॅमेरा तिच्याकडे वळवून दुसरा खटका दाबला.

वर्षाच्या आत बाप गेला. त्याच्या बंडीच्या खिशात तिचा लग्नातला फोटो निघाला, कोपरे झिजलेला. त्याचा स्वतःचा कुठेच नव्हता.

आबा खाटेवर बसले होते. सुंदरानं पाण्याचा पेला परत सारला.

"मना बापनी लगीनमा तुमले मानाची टोपी दिधी नही, म्हनीसन अंगठा धरा ना?"

"चुकीसन पडना व्हई, बेटा."

"चुकीसन? दिनभर भिंगं बसाडणारा मानूस तुम्ही! एक टोपीनाकरता मना बापनं तोंड पुसी टाकं. लाज कशी वाटनी नही?"



"तुले सांगू नका म्हणे तो," आबा म्हणाले. "अंगठा त्यानीच धराले लावा. म्हणे, 'रोलमा एकच फोटो उरना. मना फोटोले अंगठा धरा, पोरना काढा. घर लई जावाले माले तोच पाहिजे.'"