दगडातला वास

फ्रान्समधल्या ल्वार नदीकाठच्या तळघरात कुमुदने चुनखडीच्या भिंतीला यंत्र लावलं. दगडात मुरलेला हव्या त्या काळचा वास ते बाहेर काढी. ओळख पटवायला मात्र माणसाचंच नाक लागे.

"मठातल्या साधूंच्या वाइनचा काढ, पोरी," म्हाताऱ्या ओदेतबाई म्हणाल्या. साधूंची द्राक्षं कधीच रोगाने संपली, असं सगळं खोरं म्हणे. परसातला आपला वेल त्याच वंशाचा, हा बाईंचा हट्ट. वास जुळला नाही, तर त्यांचा मुलगा उद्या तो वेल तोडून, हवा तापल्यापासून इतर लावत तसे तिथे आंबे लावणार होता.

"आज माझी एकादशी, मादाम. आमच्यात वास घेणं म्हणजे अर्धं जेवण."

"मग अर्धंच जेव!"

कुमुदने मनोमन देवाची क्षमा मागून डोळे मिटले. दगडातून पिकलेल्या कवठासारखा आंबटगोड वास आला. मग तिने बाईंच्या ओंजळीतली द्राक्षं हुंगली.

"अगबाई, तेच कवठ!"

"कवठ म्हणजे काय गं?"

"म्हणजे तुमचा वेल तोच आहे, मादाम."

बाईंनी डोळे पुसले. "पण तुझा उपवास मोडला ना?"

"छे! उपवास म्हणजे मुळात जवळ राहणं. जे प्रिय, त्याच्याजवळ."

"मग आज माझाही उपवास," म्हणत बाई परसात गेल्या आणि वेलाला टेकून बसल्या.