एका हाताचं मीठ

"पाच गंज, पाच बाया, अन् सारं काम एका मुठीत अडकून बसलं," शेवटच्या गंजावरची रुपालीवहिनी येऊन प्रियंकाच्या कानाशी पुटपुटली. "पण सांगावं कोणी?"

प्रियंका बुद्धविहाराच्या भिंतीला टेकून पेंगत होती. बाभुळगावात बसून दूरच्या एका बँकेचा अवाढव्य मेनफ्रेम संगणक सांभाळायचा, ही तिची नोकरी. आदली रात्र त्यातच गेली होती. मिटल्या डोळ्यांपुढे त्या मशीनचे प्रोसेसर पदर खोचून धुरात उभे होते. सगळ्यांच्या हातात भाजी ढवळायचे सराटे. जागच्या जागी गरगर, गरगर.

डोळे उघडले, तर समोरही तेच. पाचही गंजांत, त्या मोठाल्या पातेल्यांत, आलू-वांग्याची भाजी केव्हाच शिजली होती. बाया सराटे फिरवत होत्या ते केवळ रिकामं दिसू नये म्हणून. मीठ पडायचं होतं. गावजेवणाला मीठ एकाच हाताचं, मथुराआजीच्या. दोन हात लागले की एका गंजात दोनदा पडतं, असा नेम. आजी अजून पहिल्याच गंजाशी होती. तळहातावर रस्सा घ्यायची, चाटायची, आभाळाकडे बघायची. पुन्हा घ्यायची. मागच्या जेवणात लोक तांब्यामागून तांब्या पाणी प्याले होते, आणि भाजी झकास झाली असं म्हणत उठले होते.

आत बुद्धवंदना संपत आली होती, मग पंगतच बसायची. प्रियंका उठून आजीजवळ गेली.

"रातभर कायले जागली वो माय?" आजीने विचारलं.

"मशीन हळू चालून राह्यली होती, आजी. म्हणून तिच्यात अजून प्रोसेसर टाकले. म्हणजे काम करणारी डोकी समज."

"मंग पळाली असन."

"कुठची? किल्ली एकच होती. एकाच्या हातात किल्ली, बाकीचे तिच्यासाठी उभे. डोकी वाढवली, तर रांगच वाढली."

"मंग?"

प्रियंका गंजातल्या वाफेकडे बघत राहिली. "मंग त्या एका किल्लीच्या लहान लहान किल्ल्या केल्या. ज्याचं काम, त्याच्याजवळ त्याची किल्ली."

"अन् पयलीवाली कोठं गेली?"

हे तिला ऑफिसातल्या कोणी विचारलं नव्हतं. "तिच्याच तर झाल्या त्या, आजी."

आजी हसली, की धूर डोळ्यांत गेला, कळलं नाही. तिने मिठाची परात कडेवर घेतली, लेकरू घ्यावं तशी, आणि गंजागंजाशी थांबून एकेकीच्या ओंजळीत मीठ ओतत गेली. सराटे थांबले. वाफ तेवढी सरळ वर जात होती.

शेवटची मूठ रुपालीच्या हातात देऊन आजीने तिची बोटं मिटवली.

"तुमच्या जिभा तर शाबूत हायेत ना? मंग बोलल्या काहून नाही कोणी? मले चव लागत नाही आता."