चालेल

करणनं जमिनीकडे बघत मालनबाईंचा मोबाईल मागितला. आज "नाही" म्हणायचा सराव होता, म्हणजे मालनबाईंनी तो द्यायचा नव्हता. त्यांनी लगेच दिला, वर पिशवीतून चार्जरही काढून दिला. समुपदेशक धनश्रीनं कपाळाला हात लावला.

शेवगावात औषधाच्या दुकानावरच्या त्या खोलीत दर मंगळवारी चार पेशंट गोल करून बसत. लोक हसतील, आपल्याला नाकारतील या धास्तीनं लग्नकार्यं टाळणारी, फोन न उचलणारी, समोरून ओळखीचं कुणी आलं की गल्ली बदलणारी माणसं. डॉक्टरी भाषेत या आजाराला लांबलचक नाव आहे. इथं त्यांनी एकमेकांशी बोलायचं, हाच उपचार. उपचार कसला, बहुतेक वेळा नुसता पंख्याचा आवाज.

तरी फैयाज एकही मंगळवार चुकवत नसे. एरवी तो भावाच्या टेलरिंगच्या दुकानात मागे बसून काजं-बटणं करायचा आणि गिऱ्हाईक आलं की पडदा ओढून घ्यायचा. माणसांत बसायचा हा एवढाच तास त्याच्याजवळ होता, आणि तो त्याला जिवापाड हवा होता.

तेवढ्यात कराळे अण्णा जिना चढून आले. खोली त्यांच्या संस्थेची. माणूस भला. त्यांनी सगळ्यांना नमस्कार केला, तब्येती विचारल्या, मग मुद्द्यावर आले. मंगळवारी इथं बायकांसाठी शिवणवर्ग घ्यायचा विचार चालला होता. पण कुणा एकाची जरी अडचण असेल, तरी वर्गासाठी ते दुसरीकडे जागा बघणार होते.

"मोकळेपणानं सांगा," अण्णा म्हणाले. "तुमचं हे बंद केलं तर चालेल ना?"

"नको" हा शब्द फैयाजच्या अगदी ओठांवर आला होता. मालनबाई म्हणाल्या, चालेल. करण म्हणाला, चालेल. कोपऱ्यातल्या मोनिकानं नुसती मान हलवली. मग अण्णा फैयाजकडे वळले आणि त्याला स्वतःचाच आवाज ऐकू आला, "चालंल की." त्याला स्वतःची इतकी चीड आली की तोंडात मारून घ्यावंसं वाटलं.

अण्णांनी धनश्रीकडे बघितलं. ती हसली. "ठीक आहे अण्णा. तुम्ही म्हणाल तसं."

अण्णा आभार मानून खाली उतरले. खाली त्यांची गाडी सुरू झाली आणि इथं धनश्रीचा तोल सुटला. इतके महिने मी काय शिकवलं, एका भल्या माणसापुढं एक शब्द तोंडातून निघू नये, मग येता तरी कशाला, असं ती बोलतच सुटली. चौघं मान खाली घालून ऐकत होते. मोनिकाच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. समोरचं माणूस चिडलं की फैयाज तिथून निघून जायचा, हे नेहमीचंच. आज तो जागचा हलला नाही.

"तुमीबी तेच केलं, मॅडम," तो म्हणाला.

"काय केलं मी?"

"अण्णांनी तुमच्याकडंबी बघितलं हुतं. तुमी हसल्या, आन् म्हनल्या, तुमी म्हनाल तसं." तो थांबला नाही. "आमाला तर आजार हाय. तुमाला काय झालंय?"

धनश्रीनं मान खाली घातली. फैयाज तिच्या तोंडाकडे बघत राहिला. त्याला उत्तर हवं होतं.