वैजूच्या नाडीवरची की

बुधवारी दुपारी बार्शीच्या गॅरेजात संगणकावर ‘की चालत नाही’ अशी लाल अक्षरं आली, तेव्हा दिगंबरला वाटलं, संगणकाला लावलेल्या लायसनच्या कीवर कचरा बसला असेल. परीक्षा पास झालेली त्याची बायको वैजयंता, म्हणून गाड्या दुरुस्त करायच्या सॉफ्टवेअरचं लायसन तिच्या हाताच्या नाडीला जोडलेलं होतं. ती आठवडाभर सोलापूरला दवाखान्यात होती, तरी की चालत होती. त्यानं ती काढून फुंकर मारली, सदऱ्याला पुसली, परत लावली. असं तीनदा केलं. मग कंपनीला फोन लावला.

“पोरी, तुमची की माझ्या बायकोपेक्षा जास्त रुसते बघ,” तो हसत म्हणाला.

पलीकडच्या मुलीनं कीची नोंद उघडून पाहिली. “काका, की चांगली आहे. तिला नाडी लागत नाहीये. तुम्ही आधी दवाखान्यात फोन करा.”

तेराव्यानंतर कंपनीतल्या त्या मुलीनंच फोन केला. “काका, वारस म्हणून तुमच्या नाडीवर की बांधून देते. फक्त वैजयंताताईंचं नाव पुसायला हो म्हणा.”

“बघतो,” दिगंबर म्हणाला.

त्याला आता दोन महिने झाले. गॅरेज बंद आहे, आणि त्यानं अजून हो म्हटलेलं नाही.