सगळे पास

"बाई, तुमचा एक डोळा झोपला," पाढा म्हणता म्हणता आयत थांबली. निजामपुऱ्यातल्या माझ्या शिकवणीला ती नेहमी सगळ्यांच्या आधी येते. सकाळपासून जड झालेली माझी डावी पापणी आता पार मिटली होती. छातीत थायमस ग्रंथीची गाठ सापडली तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, "पापणी पडली तर दोन मिनिटं तिच्यावर बर्फ धरा. उघडली, तर गाठीचा उपद्रव सुरू झालाय. तडक निघून या." छातीत गाठ आहे आणि पापणीवर बर्फ धरायचाय, एवढंच मी आयतला सांगितलं. तिने सरबतवाल्याकडून बर्फ आणला आणि रुमालात गुंडाळून माझ्या पापणीवर धरला. पापणी उघडू नये, एवढंच मी मनात म्हणत होते. "ही गाठ काय करते?" तिने विचारलं. आवाज कापू नये म्हणून मी शिकवू लागले. "थायमस म्हणजे शरीरात रोगांशी लढणाऱ्या शिपायांची शाळा. जो आपल्याच माणसांवर हात उगारतो, त्याला तिथे नापास करतात, बाहेर सोडत नाहीत. गाठ झाली की परीक्षाच नीट होत नाही. सगळे पास." "मग चांगलंय की. तुम्ही पण कुणालाच नापास नाय करत." "पास झालेले ते शिपाई आधी डोळा पाडतात. मग घास गिळू देत नाहीत. मग..." "मग काय?" श्वास हा शब्द मला तिच्यापुढे उच्चारवेना. तिने रुमाल काढला. दोन्ही डोळ्यांना तिचा हसरा चेहरा स्वच्छ दिसला. "उघडला, बाई. मी रोज बर्फ आणीन." "आण हो," मी म्हणाले, आणि तिची नजर चुकवून चपला शोधू लागले.