सड्यावरची तीनचाकी

"आजी, यात बाळ बसवायचंय की पाणी?" दुकानदाराने विचारलं. मी काठोकाठ भरलेला तांब्या चारचाकी बाबागाडीत ठेवून ती समोरच्या खडीवरून ढकलत होते. चार पावलांतच हिसक्यांनी पाणी सांडून गादी भिजली.

"आई, पुरे झालं," बाळाला खांद्यावर घेऊन उभी असलेली माझी सून केतकी म्हणाली. "बाळाला माझ्या माहेरीच ठेवू." सोमवारी बाळंतपणाची रजा संपून ती सड्यापलीकडच्या शाळेत शिकवायला जाणार होती. दुपारी बाळाला पाजायला तिथवर न्यायचं, तर सडा म्हणजे वाटभर खडबडीत कातळाचं पठार. कडेवर घेऊन चालायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं.

"ती मोठ्या चाकांची तीनचाकी द्या," मी म्हटलं. तांब्या पुन्हा भरून तिच्यात ठेवला आणि निघाले. खडी संपून कच्चा रस्ता लागला, तशी पावलांना जुनी चाल सापडली. मी नवी नवरी होते, डोईवर दोन हंडे होते, सडा जांभळ्या फुलांनी भरला होता. खाली बघायचं नसतं, पायांना दगड आपोआप कळतात. वारा पदरात शिरला. किती दूर गेले कोण जाणे.

"आजी, गाडी अजून आमची आहे," मागून दुकानदाराची हाक आली.

केतकी धापा टाकत पोचली. वाकून तिने तांब्यात पाहिलं. पाणी काठाशी थरथरत होतं, सांडलं नव्हतं. तिने तांब्या उचलला, खांद्यावर झोपलेलं बाळ गाडीत निजवलं, पट्टा लावला.

"आता दुकानापर्यंत तुम्हीच आणा त्याला," म्हणाली, आणि एकदाही मागे न बघता पुढे चालू लागली.