उजवीकडचा गिअर

१९७४ साली लकव्यानं सिद्धलिंगप्पांचा डावा हात गेला, तेव्हापासून त्यांच्या जुन्या दोन सीटच्या स्पोर्ट्स गाडीचा गिअर शेजारी बसून शिवबाई बदलायच्या. लग्नाला वीस वर्षं झाली होती, पण लकव्याआधी त्या गाडीत बायकोला जागा नव्हती.

"मिस्त्री, उजव्या हाताला गिअरचा दांडा बसव की! बायकोला 'दुसरा टाक, तिसरा टाक' म्हणत फिरतोय, अख्खी शुक्रवार पेठ हसतीया."

धोंडीराम मिस्त्रीनं मुंबईहून मागवलेला दांडा तिसऱ्यांदा बसवला. तिसऱ्यांदा गिअर अडकला. अप्पांच्या डोळ्यांत पाणीच आलं.



ताकाचा तांब्या देताना शिवबाई मिस्त्रीच्या कानाशी म्हणाल्या, "उद्याबी असाच अडकू द्या, भाऊ. तो चालला की माझं फिरणं संपलं."